चेहरा आणि नाव : नाण्यांवरील राजसत्तेचे वाचन

नाणे उडवताना इंग्रजी बोलणारा 'डोके की शेपूट' असे विचारतो. मराठी माणूस 'छापा की काटा' असे विचारतो. इंग्रजी प्रयोगात नाण्याच्या एका बाजूस राज्यकर्त्याचे मस्तक असणारच, हे गृहीत धरलेले आहे. मराठीतील 'छापा' या शब्दात कोणाचेच मस्तक नाही. आहे ती केवळ उमटवण्याची क्रिया. एका वाक्प्रचारावरून इतिहास सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. तथापि या दोन प्रयोगांमधील अंतर नाण्यांच्या इतिहासातही दिसते, आणि ते साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे आहे. नाणे हा राजसत्तेने स्वतःविषयी लिहिलेला सर्वांत आखूड मजकूर होय. तो कसा वाचावा, आणि त्याच राजाच्या दीर्घ, अलंकृत मजकुरासमोर तो ठेवला असता काय हाती लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

राजप्रतिमेचा प्रश्न प्रथम रोमच्या संदर्भात समजून घेणे सोयीचे. नाणकशास्त्रात ज्यांना सरसकट रोमन ब्राँझ नाणी म्हटले जाते, ती सम्राटकाळात सर्वच ब्राँझची नव्हती. ऑगस्टसने इसवी सनपूर्व २३ च्या सुमारास चलनाची घडी बसवली, तेव्हा 'सेस्टर्शियस' हे सुमारे २५ ग्रॅमचे मोठे नाणे पितळेचे झाले आणि 'आस' हे लहान नाणे तांब्याचे. सोन्याचा एक 'ऑरियस' म्हणजे चांदीचे २५ 'दिनार'; एक दिनार म्हणजे ४ सेस्टर्शियस किंवा १६ आस. सोने धनिकांच्या पेटीत आणि सैन्याच्या खजिन्यात असे. भाकरी, तेल, स्नानगृहाचे शुल्क यांसाठी रोजच्या हातांत फिरे ते हे पितळ आणि तांबे. त्यामुळे सामान्य माणसाची साम्राज्याशी गाठ पडे ती प्रामुख्याने याच हलक्या धातूवर.

या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर सम्राटाचे मस्तक आणि भोवती त्याची बिरुदे असत. रोममध्ये हयात माणसाचा चेहरा नाण्यावर येण्याची प्रथा ज्युलियस सीझरच्या वेळी, इसवी सनपूर्व ४४ मध्ये सुरू झाली; तत्पूर्वी देवता आणि पूर्वज यांनाच तो मान होता. मागील बाजूवर मात्र दर काही वर्षांनी नवा आशय येई. नीरोच्या सेस्टर्शियसवर जानुस देवतेच्या मंदिराची मिटलेली दारे दिसतात. युद्ध नसतानाच ती मिटली जात, म्हणून त्या दारांचा अर्थ 'सर्वत्र शांतता आहे' असा. यहुद्यांचे बंड मोडल्यानंतर व्हेस्पासियनने इसवी सन ७१ मध्ये काढलेल्या नाण्यांवर खजुराचे झाड, त्याखाली शोक करणारी स्त्री आणि 'यूदेआ काप्ता', म्हणजे जिंकलेली यहुदी भूमी, अशी अक्षरे आहेत. एका प्रांताचा पराभव अशा रीतीने मुठीत मावेल एवढा करून बाजारात सोडला गेला. बहुतेक ब्राँझ नाण्यांवर 'एस सी' ही दोन अक्षरेही असत. 'सेनेटच्या ठरावाने' हा त्यांचा विस्तार. सर्व अधिकार सम्राटाच्या हाती गेल्यावरही प्रजासत्ताकाची ही दोन अक्षरे पितळेवर राहिली. म्हणजे एका बाजूला एकट्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला सभेचे नाव, असा विसंवाद ते नाणे शांतपणे वागवत असे.

हे सगळे पाहणारा खरोखर वाचत होता काय? ए. एच. एम. जोन्स या इतिहासकाराने १९५६ मध्ये हा प्रश्न विचारला. टपाल तिकिटावरील चित्राकडे आपण जितके लक्ष देतो, त्याहून अधिक लक्ष रोमन माणूस नाण्यावरील चित्राकडे देत नसावा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा वाद परका वाटू नये. लेखकाचा हेतू आणि वाचकाचे ग्रहण यांत अंतर असते, ते किती, हाच तो प्रश्न. त्याचे एक उत्तर नाण्यांवरील घावांत मिळते. इसवी सन २११ मध्ये काराकाला या सम्राटाने आपला भाऊ गेटा याचा वध करवला आणि त्याची स्मृती पुसण्याचा आदेश निघाला. आशिया मायनरमधील काही नगरांच्या ब्राँझ नाण्यांवर दोघा भावांचे चेहरे समोरासमोर होते. तेथे गेटाचा चेहरा तेवढा खरवडून काढलेला आढळतो. ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही, तो चेहरा खरवडण्याचे श्रम कोण घेईल?

हा रोमन चेहरा दख्खनेतही आला. पण तो पितळ-तांब्यावरून फारसा आला नाही. भारतात सापडलेल्या आरंभकाळच्या रोमन नाण्यांत ऑगस्टस आणि टायबेरियस यांची सोन्याचांदीची नाणी अधिक आहेत आणि ती मुख्यतः दक्षिणेत सापडतात. हलक्या धातूची रोमन नाणी तमिळ प्रदेशात आणि श्रीलंकेत मोठ्या संख्येने दिसू लागतात ती चौथ्या-पाचव्या शतकांत. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदराच्या वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख आहे. रोमन सोन्याचांदीची नाणी तेथील चलनाशी बदलून नफा होतो, असेही त्यात नोंदले आहे. दूरच्या व्यापारात मोलाचा धातू प्रवास करतो. रोजच्या व्यवहारातली चिल्लर आपल्या मुलखातच राहते. त्यामुळे साम्राज्याचा जो मजकूर रोममध्ये सामान्यांच्या हाती होता, तो येथील सामान्यांच्या हाती कधी पडलाच नाही.

जो चेहरा येथे पोहोचला, त्याचे काय झाले हेही बोलके आहे. भारतातील काही साठ्यांत सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव घातलेली रोमन सुवर्णनाणी मिळाली आहेत; काही नाण्यांना भोके पाडलेली किंवा कड्या जोडलेल्या आहेत. दख्खनेत कोंडापूरसारख्या ठिकाणी टायबेरियसच्या नाण्याच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या. त्या गळ्यात घालण्याजोग्या आहेत. सम्राटाचे मस्तक येथे सत्तेचे चिन्ह राहिले नाही, त्याचा दागिना झाला. पुढे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांचेही महाराष्ट्रात असेच झाले. त्यांवरील मानवी आकृतींमुळे मराठीने त्यांना 'पुतळी' हे नाव दिले आणि तीच नाणी पुतळ्यांच्या माळेत ओवली गेली. व्हेनिसचा सत्ताधीश कोणत्या संताकडून ध्वज स्वीकारत आहे, याच्याशी माळ घालणाऱ्या स्त्रीला कर्तव्य नव्हते. परक्या सत्तेची प्रतिमा संदर्भातून सुटली की ती केवळ आकृती उरते.

मग आपल्याकडील चिल्लर कशी होती? येथे आम्ही वऱ्हाडाकडे वळतो. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस संग्रामपूर तालुका आहे. वर सातपुड्याची रांग, खाली पूर्णा नदी आणि मध्ये वरवट बकालसारखी बाजाराची गावे. याच तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन हे गाव आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने भास्कर देवतारे यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन केले आणि विटांचा बौद्ध स्तूप असलेली प्राचीन वसाहत उजेडात आली. पूर्णेचे खोरे प्राचीन काळी निर्जन रान नव्हते. तेथे धर्मस्थळ बांधणारा, विटा भाजणारा, दान देणारा समाज होता. अशा समाजाला चिल्लर लागते.

ती चिल्लर कशी असे, याची उत्तम साक्ष वऱ्हाडातच मिळाली. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळा या गावी सातवाहन नाण्यांचा सुमारे १,६०० नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील, शिसे यांच्या मिश्रणाची आहेत. दर्शनी बाजूस सोंड उचललेला हत्ती आणि भोवती ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख. मागील बाजूस 'उज्जैन चिन्ह', म्हणजे अधिक चिन्हाच्या चार टोकांवर चार वर्तुळे. राजाचा चेहरा कोठेही नाही.

या लेखाची घडण व्याकरणाच्या विद्यार्थ्याने पाहावी. नाव येते ते षष्ठीत: 'सातकणिस', म्हणजे सातकर्णीचे. वाक्याला कर्ता नाही, क्रियापद नाही. फक्त संबंध आहे. रोमन नाण्यावरील बिरुदांची मालिका सहसा प्रथमेत असते आणि ती चेहऱ्याची ओळख करून देते: 'हा अमुक'. तऱ्हाळ्याचे नाणे 'हे अमुकाचे' एवढेच सांगते. एकात राजा स्वतः उपस्थित राहतो, दुसऱ्यात त्याची मालकी. पहिल्याला पाहणारा हवा. दुसऱ्याला निदान कोणीतरी वाचणारा हवा, आणि वाचता न येणाऱ्यासाठी हत्ती व चार वर्तुळे पुरेशी होती. राजे बदलत गेले, नाव बदलत गेले. हत्ती मात्र तसाच राहिला. चलनावरील विश्वास टिकवायचा तर न बदलणारे चिन्ह कामाचे असते, चेहरा दर वारसाबरोबर बदलतो.

तऱ्हाळ्याच्या साठ्याने आणखी एक गोष्ट केली. पुराणांतील आंध्र राजांच्या याद्यांत नसलेली कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही नावे त्यातून मिळाली. सूतांनी गायिलेल्या आणि पंडितांनी जतन केलेल्या परंपरेत ज्यांना जागा मिळाली नाही, ते राजे वऱ्हाडातील एका गावच्या मातीत षष्ठी विभक्तीच्या आधाराने राहिले. पुराणकारांची यादी हा एक मजकूर, मिश्रधातूवरील नाव हा दुसरा. दोन्ही जुळत नाहीत तेव्हा इतिहासकाराचे काम सुरू होते.

सातवाहनांना राजाची प्रतिमा घडवण्याचे वावडे होते, असे मात्र समजू नये. नाणेघाटातील लेण्यात सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या, त्यांच्या डोक्यांवर नावेही होती. आज त्या मूर्ती नाहीत. काहींची पावले आणि वरची अक्षरे तेवढी शिल्लक आहेत. घाटातून जाणाऱ्यांनी राजकुलाचे दर्शन घ्यावे, ही कल्पना त्यांना ठाऊक होती. तरीही चिल्लरीवर त्यांनी चेहरा बव्हंशी टाळला. ती असमर्थता नव्हती, निवड होती. रोमन नाण्यांशेजारी ही नाणी ठेवून त्यांना 'ओबडधोबड' म्हणणाऱ्या टीपा आपण अनेक पुस्तकांतून वाचलेल्या असतात. ही तुलना मुळात चुकीच्या कसोटीवर होते. चेहरा हीच कसोटी धरली, तर चेहरा नसलेला मजकूर कोराच वाटणार.

चेहरा सातवाहनांच्या नाण्यावर आला तो चांदीवर, आणि तो शत्रूच्या मार्गाने आला. पश्चिमी क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचे मस्तक आहे आणि भोवती ग्रीक अक्षरांत लिहिलेला प्राकृत लेख. मागे बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील नाव. इंडो-ग्रीक आणि रोमन नाण्यांच्या परंपरेशी या मस्तकाचे नाते आहे. त्याच्या जावयाच्या, उषवदाताच्या, नाशिकच्या लेण्यांतील लेखांवरून त्या काळचे अर्थकारण दिसते: ३५ कार्षापणांना एक सुवर्ण हा दर, आणि गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे व्याजाने ठेवलेले २,००० कार्षापण. चांदी या मुलखात केवळ शोभेसाठी नव्हती. भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च तिच्या व्याजातून चाले.

गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याची प्रशस्ती त्याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षी नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात कोरवली. प्राकृत गद्याचा तो एक श्रेष्ठ नमुना आहे: लांबलचक समास, पर्वतांची आणि देशांची मालिका (तीत विदर्भही आहे), शक-यवन-पह्लवांचा संहार. क्षहरात वंशाचा तर त्याने काही अवशेष ठेवला नाही, असे प्रशस्ती सांगते. मातेने मृत पुत्राविषयी लिहवलेला हा मजकूर काव्याच्या नियमांनी चालतो आणि काव्य म्हणून तो थोर आहे.

आता त्याच राजाची दुसरी साक्ष पाहू. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली आहे. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत आणि 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस' हा लेख. दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. जुनी नाणी वितळवली गेली नाहीत. नहपानाचा गाल, नाक, कपाळ यांवर पर्वत उमटला, आणि पुष्कळ नाण्यांवर त्या पर्वताच्या कडेने जुना चेहरा अजूनही ओळखू येतो.

प्रशस्ती म्हणते, अवशेष उरला नाही. नाणे म्हणजे तर अवशेषच. ही विसंगती दाखवून प्रशस्तीला खोटे ठरवणे हा आमचा हेतू नाही. दोन्ही मजकूर एकाच सत्तेचे आहेत, पण त्यांचे वाचक निराळे. लेण्यातील प्रशस्तीचा श्रोता भिक्षुसंघ, राजकुल आणि भविष्यकाळ. तेथे वंशच्छेद पूर्ण झालेला असणे आवश्यक. नाण्याचा वाचक सावकार, विणकरांची श्रेणी, व्यापारी. त्याला हवी ती चांदीची खात्री. नहपानाची चांदी चोख होती आणि बाजाराचा तिच्यावर विश्वास होता. ती सगळी वितळवून नव्याने पाडणे म्हणजे वेळ, खर्च आणि लोकांच्या हातांतील चलन काही काळ काढून घेणे. तेव्हा जेत्याने धातू ठेवला, विश्वास ठेवला, आणि त्यावर आपली षष्ठी विभक्ती ठोकली. काराकालाच्या काळी गेटाचा चेहरा खरवडला गेला, कारण तेथे चेहरा म्हणजेच सत्ता होती. गौतमीपुत्राला नहपानाचा चेहरा पूर्ण पुसण्याची गरज भासली नाही; 'सातकणिस' एवढे म्हणणे त्याच्या व्यवहारास पुरेसे होते.

पुढे वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांसारख्या राजांनी स्वतःचे मस्तक असलेली चांदीची नाणी काढली. त्यांच्या मागील बाजूस प्राकृताबरोबर एका द्राविडी भाषेतील लेखही येतो. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. क्षत्रपांच्या मस्तकांकित चांदीला जेथे सवय झाली होती, तेथे चालण्यासाठी ही नाणी होती, असे अनुमान रास्त ठरते. वऱ्हाडातील चिल्लरीवर मात्र हत्तीच राहिला. म्हणजे एकच राजकुल चांदीवर एका भाषेत बोलत होते, मिश्रधातूवर दुसऱ्या.

ही विभागणी पुन्हा एकदा, अगदी वेगळ्या कारणांनी, आपल्या इतिहासात दिसते. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' एवढीच अक्षरे आहेत. सातवाहनांशी तिचा थेट धागा जोडण्याचे कारण नाही. पण तांब्यावर अक्षरेच सत्ता मांडू शकतात, हे तीही दाखवते, आणि ती एकोणिसाव्या शतकातही लोकांच्या हातांत होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये एकसारखे चलन सुरू केले, तेव्हा रुपयावर चौथ्या विल्यमचे मस्तक आले, पण तांब्याच्या पाव आण्यावर कंपनीचे मानचिन्हच होते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६२ पासून तांब्याच्या पाव आण्यावरही व्हिक्टोरिया राणीचे मस्तक येऊ लागले. तेल-मिठाच्या खरेदीत देशोदेशीच्या प्रजेने आपल्या सम्राज्ञीचा चेहरा हाताळावा, ही रोमची कल्पना अठराशे वर्षांनी वऱ्हाडच्या आठवडी बाजारात पोहोचली ती अशी. लोकांनी तिच्या रुपयाला नाव दिले 'राणीछाप'. चेहरा आला तरी मराठीने त्यालाही 'छाप'च म्हटले. १९५० मध्ये प्रजासत्ताकाच्या नाण्यांवर राजमस्तकाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आले.

या विवेचनाचा वर्गातील उपयोग काय, असे अध्यापकांनी विचारल्यास आमचे म्हणणे एवढेच की, प्रशस्ती शिकवताना तिच्याशेजारी नाणे ठेवावे. गौतमी बलश्रीचा लेख अलंकारशास्त्राचे उदाहरण म्हणून शिकवला जातो, जोगळटेंभीचा साठा इतिहासाच्या तासाला. दोन्ही एकत्र वाचले तरच 'निरवशेष' या शब्दाचे वजन कळते. विदर्भ हा प्रशस्तीत देशांच्या यादीतील एक नाव आहे; तऱ्हाळ्यात तो हत्तीच्या नाण्यांनी व्यवहार करणारा मुलूख आहे.

अशा वाचनाला एक अट आहे. नाणे कोणत्या थरात, कोणत्या भांड्यात, कशाशेजारी सापडले, हे ठाऊक असेल तरच ते वाक्याचा भाग राहते. मोडीच्या भावाने किंवा हौशी संग्राहकाला विकले गेले की त्याचा सुटा शब्द होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचे सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले. पण पोटीनच्या काळवंडलेल्या चकत्या कोणाला धन वाटतील? सोने सापडले तर बातमी होते. चिल्लर नांगराच्या फाळाखाली येते आणि जाते. भोनचे स्थळ तर पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरणाच्या पाण्याची शेतीला असलेली गरज आम्ही नाकारत नाही. मात्र संग्रामपूर तालुक्यातील जमीन पाण्याखाली जाते तेव्हा तिच्यात न वाचलेला मजकूरही असू शकतो, याची जाणीव निदान त्या तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांना असावी. शेतात मिळालेली काळी चकती विद्यार्थ्याने वर्गात आणली, तर तिच्यावर चेहरा आहे का, हा पहिला प्रश्न नसावा. ती कोणत्या शेतात, किती खोलीवर आणि कशाबरोबर मिळाली, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि मग तिच्यावरील अक्षरांकडे वळावे.